टोरांटो हस्कीज एकाच सीझनमध्ये बंद का पडली?

वाशिष्ठी_काठचा: नमस्कार मंडळी, चिपळूणला शाळेतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो. पावसात कोर्टवर पाणी साचलं की पोरांना व्हरांड्यात बसवून जुन्या टीमांच्या गोष्टी सांगतो. परवा विचारलं, एनबीए, म्हणजे अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग, ज्या मॅचला स्वतःची पहिली मॅच मानते ती कुठे झाली, तर सगळे न्यूयॉर्क नायतर शिकागो म्हणाले. ती झाली कॅनडात, टोरांटोला, 1 नोव्हेंबर 1946 ला, न्यूयॉर्क निकरबॉकर्स 68 आणि टोरांटो हस्कीज 66. आणि ज्यांच्या घरी झाली तीच टीम एक सीझन खेळून संपली. पोरं म्हणतात हरत होते म्हणून. 22 जिंकल्या 38 हरल्या, ठीक आहे, पण मला ते कारण पुरेसं वाटत नाय. कोणी नीट सांगेल का?

अलिबागकर७७: सर, हरण्याचा मुद्दा एका गोष्टीनेच निकालात निघतो, त्याच सीझनला बॉस्टन सेल्टिक्सचा रेकॉर्ड पण हुबेहूब 22-38 होता! ते टिकले कारण त्यांचा मालक वॉल्टर ब्राउनने पदरचे पैसे घालून टीम चालू ठेवली, 1957 ला पहिलं टायटल आलं, आज 18 आहेत. टोरांटोत तसं मागे उभं राहणारं कोणी निघालं नाही.

आता मूळ बघा. जून 1946 मध्ये बीएए ही लीग (तीच पुढे एनबीए झाली) काढली ती मुख्यतः आइस हॉकीची स्टेडियम चालवणाऱ्यांनी, हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा राहू नये म्हणून. म्हणजे बास्केटबॉल पहिल्यापासून दुय्यम. त्यात टोरांटो म्हणजे हॉकीचं वेड, हस्कीज खेळायचे मेपल लीफ गार्डन्समध्ये आणि त्याच बिल्डिंगमधल्या मेपल लीफ्स या हॉकी टीमने 1947 ला स्टॅनले कप, म्हणजे हॉकीचा सगळ्यात मोठा कप, जिंकला. आमच्याकडे मैदानात टेनिस क्रिकेटची मोठी टुर्नामेंट असली की बाजूच्या कबड्डीला कोण बघतंय, तसंच झालं असणार.

मालवणची_ताई: माका त्यांची पब्लिसिटी लय आवडता. जॉर्ज नॉस्ट्रँड म्हणून 6 फूट 8 इंची खेळाडू होतो, त्याच्यापेक्षा उंच असशात तर पहिल्या मॅचक फुकट एन्ट्री, अशी जाहिरातच केलेली. 7,090 माणसां इली तेव्हा, नवीन खेळाक वाईट नाय ओ. म्हणजे सुरवातीक लोक येतत, पुढे त्यांका टिकवूक होया.

दापोली_बास्केट: अलिबागकर भाऊंचं पटलं, पण टीमच्या आतला गोंधळ विसरू नका. एका सीझनमध्ये चार कोच! एड सॅडोव्स्की हा खेळाडू पण आणि कोच पण, पहिल्या मॅचमध्ये 18 पॉइंट्स त्यानेच केले, आणि 12 मॅचनंतर तो बाहेर, क्लीव्हलंडला ट्रेड केला. मग मॅनेजमेंटमधला ल्यू हेमन एक मॅच उभा राहिला, मग डिक फिट्झगेराल्ड, मग रेड रोल्फ, जो न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल टीमचा खेळाडू होता. माझ्या मते खरी चूक सॅडोव्स्कीला घालवायची, पुढच्या वर्षी तोच माणूस बॉस्टनकडून भरपूर पॉइंट्स काढत होता. पोरांना हे नक्की सांगा सर, कोच सारखा बदलला की टीमला खेळायची पद्धतच सापडत नाही.

वाशिष्ठी_काठचा: वा, सेल्टिक्सचं पोरांना लगेच पटेल. अजून एक विचारतो, टोरांटो एकटीच बुडाली का?

अलिबागकर७७: नाही सर, 11 पैकी चार गेल्या, टोरांटो, क्लीव्हलंड रेबेल्स, डेट्रॉइट फाल्कन्स, पिट्सबर्ग आयर्नमेन. उरलेली लीग 1949 ला एनबीएल या दुसऱ्या बास्केटबॉल लीगशी जुळली आणि एनबीए झाली.

दापोली_बास्केट: आणि टीम नावाला कॅनडाची, खेळाडू बहुतेक सगळे अमेरिकन. हँक बियासाती आणि जीनो सोव्हरान हे दोघं कॅनडात वाढलेले, पण थोड्याच मॅच खेळले. ज्या देशात नेस्मिथ जन्मला, ज्याने 1891 ला हा खेळ शोधला, तिथल्या लोकांना आपला म्हणावा असा एक स्टार तरी पाहिजे होता. टोरांटोला परत एनबीए टीम मिळाली ती 1995 ला, रॅप्टर्स, आणि त्यांनी हस्कीजच्या जर्सीत मॅच खेळलेत, व्हिडिओ सापडेल, पोरांना दाखवा.