मदत हवी आहे: व्यापारशर्तींचा लाभ मोजताना भाजक कोणता घ्यावा?

खनिज निर्यातीवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचे वास्तव देशांतर्गत उत्पन्न काढायचे आहे. वास्तव (भाववाढ वगळलेल्या) जीडीपीत व्यापारशर्तींचा, म्हणजे आयातीच्या तुलनेत निर्यातीचे भाव बदलल्याने होणारा, लाभ मिळवायचा, इथवर ठीक. गाडी अडते ती भाजकापाशी.

आधारवर्षी निर्यात १००, आयात ८०. पुढच्या वर्षी नग तेवढेच, निर्यात किंमत निर्देशांक १.५, आयातीचा १.०, देशांतर्गत खर्चाचा १.१. चालू भावांनी शिल्लक ७०, स्थिर भावांनी २०. लाभ म्हणजे चालू शिल्लक भाजक निर्देशांकाने भागून त्यातून स्थिर शिल्लक वजा. आयात निर्देशांकाने भागले की लाभ येतो ५०, देशांतर्गत निर्देशांकाने ४३.६, निर्यात निर्देशांकाने जेमतेम २६.७. आकडे तेच आणि उत्तरात जवळपास दुपटीचा फरक! चालू भावांची शिल्लक शून्य असती तर भाजक कोणताही चालला असता. पण खनिजांचे भाव चढले की शिल्लक फुगते, म्हणजे नेमक्या तेजीतच हा प्रश्न बोचतो.

एसएनए २००८ (राष्ट्रीय लेख्यांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) निवड देशांवर सोडते, शंका असल्यास आयात-निर्यातीची सरासरी सुचवते (इथे १.२५, लाभ ३६). मला आयात निर्देशांक पटतो, कारण निर्यातीच्या पैशातून शेवटी आयातच विकत घ्यायची असते. पण तेजीतला पैसा देशातच बांधकामावर खर्च झाला तर?

दुसरी अडचण: साखळी पद्धतीच्या (दरवर्षी आधारवर्ष बदलत जोडलेल्या) मालिकांत स्थिर भावांची निर्यात वजा आयात थेट करता येत नाही, बेरजा जुळत नाहीत. लाभ दरवर्षी मागील वर्षाच्या भावांनी काढून मग साखळी जोडावी का?

खाणी परकीय मालकीच्या असतील तर नफा बाहेर जातो. तो वजा करतानाही हाच भाजक ठेवता का? प्रत्यक्ष गणित केलेल्यांनी कृपया पायऱ्यांसह सांगावे.