'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय': भाड्याच्या घरातली कादंबरी?

पानगळ

या महिन्यासाठी ॲलन डीन फॉस्टर यांची 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' ठरली, तेव्हा निम्म्या मंडळींनी नाकं मुरडली होती. चित्रपटाच्या जिवावर निघालेली टाय-इन कादंबरी, ती काय वाचायची! मी वाचली, आणि आता त्या निम्म्यांशी भांडायला आले आहे.

ज्यांनी पुस्तक उघडलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला 'स्टार वॉर्स' मे १९७७ चा, दुसरा १९८० चा, आणि ही कादंबरी मधली, १९७८ ची. चित्रपटातला तरुण नायक ल्यूक आणि राजकन्या लेया एका ग्रहावरच्या लोकांना साम्राज्याविरुद्धच्या बंडखोरांच्या बाजूला वळवायला निघतात. वाटेत बिघाड होतो आणि मिम्बन नावाच्या दलदलीच्या, धुक्यानं भरलेल्या ग्रहावर कोसळतात. तिथे साम्राज्याची खाण आहे. हाला नावाची एक म्हातारी त्यांना एका स्फटिकाची कपची दाखवते. अख्खा स्फटिक कुठल्याशा देवळात आहे म्हणे. मग सगळे त्या स्फटिकाच्या मागे, आणि त्यांच्या मागे साम्राज्याचा काळा खलनायक डार्थ व्हेडर.

आता मुद्दा. पहिला चित्रपट चालेल याची १९७६ मध्ये कुणालाच खात्री नव्हती. बेताचा चालला तर पुढचा भाग स्वस्तात उरकता यावा, अशी गोष्ट फॉस्टर यांच्याकडून लिहून घेतली गेली. धुकं त्यासाठीच: धुक्यात मागचे देखावे उभारावे लागत नाहीत. सुरुवातीला अंतराळातली एक चकमक होती, ती महागात पडेल म्हणून चित्रपटाचा कर्ता जॉर्ज लुकास यानं काढायला लावली. आणि चित्रपटातला दुसरा नायक हॅन सोलो पुस्तकात नाहीच, कारण तो वठवणाऱ्या हॅरिसन फोर्डनं पुढच्या चित्रपटाचा करार केलेला नव्हता.

म्हणजे लेखकाच्या हाती काय उरलं? एक तरुण, एक तरुणी, दोन रोबो, चिखल आणि गुहा. एवढ्या शिध्यावर त्यानं जे रांधलं ते मला आवडलं. पडद्यावर लढाया लांबून दिसतात. इथे पुढचं पाऊल कुठे पडणार हेच कळत नाही. कंजुषीपायी आणलेल्या धुक्याची त्यानं भीती करून टाकली आहे. जमिनीखालच्या तळ्याचा भाग रात्री वाचू नका, एवढंच सांगते.

शंकासुर

लेख छान, निष्कर्ष अमान्य.

टाय-इन लिहिणारा हा भाडेकरू असतो. घर दुसऱ्याचं, भांडी दुसऱ्याची, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आणि जाताना सगळं होतं तसं ठेवून जायचं. ल्यूक मरणार नाही, लेया मरणार नाही, व्हेडरही मरणार नाही, हे पहिल्या पानावरच ठाऊक. मग त्या तळ्यावर भीती कसली वाटली तुम्हाला? पुस्तक मिटलं की सगळी पात्रं आपापल्या फळीवर परत, धूळ झटकून. कादंबरीत माणूस बदलावा लागतो. इथे बदलायला परवानगीच नाही.

आणि तुम्ही जे गुण म्हणून मोजलेत ते सगळे हिशेबनिसाचे निर्णय आहेत. हॅन का नाही? गोष्टीला नको होता म्हणून नव्हे, नटाची सही नव्हती म्हणून!

पानगळ

शंकासुर, भाडेकरूची उपमा मी तुमच्याकडून उसनी घेते, कारण ती माझ्या बाजूची आहे. १९७८ मध्ये हे घर बांधून कुठे झालं होतं? एक खोली उभी होती. वर मजला चढणार की नाही, हे मालकालाही नीट ठाऊक नव्हतं. व्हेडर ल्यूकचा बाप आहे हे जगाला १९८० मध्ये कळलं, लेया बहीण आहे हे १९८३ मध्ये. त्यामुळे फॉस्टर यांनी खिळेच काय, खिडक्या पाडल्या आहेत. शेवटच्या मारामारीत ल्यूक दगडाखाली अडकलेला असतो, तेव्हा त्याची लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) उचलून व्हेडरसमोर उभी राहते ती लेया. हरते, भाजते, पण उभी राहते. पुढे ल्यूक व्हेडरचा हात तोडतो आणि व्हेडर खड्ड्यात कोसळतो. १९९५ साली कुणी टाय-इन लेखकानं असं लिहायचं म्हटलं असतं, तर हस्तलिखित तसंच परत आलं असतं.

नंतरच्या बहुतेक टाय-इनबद्दल तुमचं म्हणणं मी मान्य करते. या पुस्तकाबद्दल नाही.

कासवगती

मी ६० पानांवर अडकले आहे, कारण ती थप्पड.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: खाणकामगारांच्या वस्तीत दोघं वेष पालटून शिरतात, लेया ल्यूकची नोकराणी असल्याचं सोंग करते. तिचं बोलणं सोंगाला न शोभणारं, म्हणून सगळ्यांदेखत ल्यूक तिला थोबाडीत मारतो. मग बाहेर आल्यावर दोघं चिखलात एकमेकांना लोळवतात, आणि हे सगळं गमतीचं म्हणून लिहिलेलं आहे. त्यावर पुन्हा पानोपानी ल्यूकचं तिच्याकडे चोरून बघणं. भाऊ-बहीण आहेत हे माहीत असताना हे वाचवत नाही हो.

पानगळ, खिडक्या पाडल्या म्हणता, पण एक खिडकी गटारावर उघडते त्याचं काय?

पानगळ

थप्पड मलाही खटकली. तिचं समर्थन करणार नाही. तो काळ तसा होता वगैरे म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्याच काळात विज्ञानकथा लिहिणाऱ्या बायका यापेक्षा कितीतरी शहाणपणानं लिहीत होत्या. फक्त चिखलाच्या प्रसंगाचा शेवट पाहा: दोघांचा खेळ बघून टपलेले खाणकामगार जवळ येतात, आणि गंमत पाहता पाहता खुनाखुनीवर जाते. लाइटसेबर बाहेर काढावी लागते, सोंग उघडं पडायची वेळ येते, दोघं पकडले जातात. तेवढं वळण त्यानं बरं साधलं आहे.

भाऊ-बहीण प्रकरणाचा दोष मात्र फॉस्टर यांच्या माथी मारू नका. ते नातं तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

शंकासुर

हेच तर! नातं नंतर आलं आणि पुस्तक एका रात्रीत अवघडल्यासारखं झालं. स्वतंत्र कादंबरीचं असं होत नाही. तिचा लेखक मेला तरी तिचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या बैठकीत बदलला जात नाही. एप्रिल २०१४ मध्ये तर 'स्टार वॉर्स'ची मालक कंपनी लुकासफिल्मनं जुन्या कादंबऱ्यांचा सगळा पसारा 'लेजेंड्स' असा शिक्का मारून बाजूला सारला. म्हणजे हे घडलं असं धरू नका. आता जे घडलंच नाही ते मी का वाचावं?

सूक्ष्मदर्शी

शंकासुर, घडलेलं असं तुम्ही नक्की काय वाचता? 🙂

गंमत सोडा. भाडेकरूनं घर दुरुस्त केल्याचं एक उदाहरण देतो. 'फँटास्टिक व्हॉयेज' हा १९६६ चा चित्रपट. पाणबुडी आणि तिच्यातली माणसं सूक्ष्म करून एका शास्त्रज्ञाच्या रक्तवाहिनीत सोडतात, मेंदूतली गुठळी काढायला. मुदत ६० मिनिटं, नंतर सगळं आपोआप मूळ आकाराला यायला लागणार. चित्रपटात पांढरी पेशी पाणबुडी गिळते, माणसं डोळ्याच्या वाटेनं बाहेर पडतात, आणि सगळे खूश. अहो, पण पाणबुडी आतच राहिली की! पेशीनं खाल्ली तरी तिचे अणू कुठे गेले? तासाभरानंतर त्या माणसाचं काय व्हायला हवं, तुम्हीच सांगा.

या पटकथेवरून कादंबरी लिहायचं काम विज्ञानकथा लेखक आयझॅक असिमोव यांच्याकडे आलं. त्यांनी हे भोक पाहिलं आणि बुजवलं. त्यांच्या पुस्तकात ही मंडळी त्या पांढऱ्या पेशीला चिथावून आपल्या मागे मागे डोळ्यापर्यंत आणतात, म्हणजे पाणबुडीचे अवशेषही तिच्या पोटातून बाहेर येतात. असिमोव यांचा लिहिण्याचा वेग असा, की पुस्तक चित्रपटाच्या आधी बाजारात आलं आणि चित्रपटच पुस्तकावरून काढलाय असा कित्येकांचा समज झाला. आता सांगा, दोहोंत खरी आवृत्ती कुठली? शिक्का कुणाचा का असेना, शास्त्र पुस्तकात जास्त आहे.

शंकासुर

अर्धी गोष्ट सांगितलीत. असिमोव यांचंच त्यावर समाधान झालं नव्हतं. १९८७ मध्ये त्यांनी 'फँटास्टिक व्हॉयेज टू' लिहिली, आणि ती आधीच्या कथेचा पुढचा भागसुद्धा नाही, तीच कल्पना नव्यानं, आपल्या पद्धतीनं मांडलेली. म्हणजे भाड्याच्या घरात भिंती लिंपून झाल्यावर मनुष्य शेवटी स्वतःचं घर बांधायला गेला. माझी बाजू मांडल्याबद्दल आभार.

नवखी

थोडं भीतभीत लिहिते. मी यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही. (मारू नका.) पुस्तक कोरं वाचलं.

मला लेया कोण, ल्यूक कोण हे दहा-बारा पानांत कळलं. हाला सगळ्यात आवडली. ती लबाड आहे, स्वतःच्या ताकदीबद्दल फुशारक्या मारते, आणि तरी तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. हिन नावाचा तो केसाळ यझेम (परग्रहावरचा जीव) घायाळ अवस्थेत ल्यूकवरचा दगड उचलतो आणि मरतो, तिथे मी पुस्तक बाजूला ठेवून जरा बसून राहिले. शंकासुर, कुणी मरणार नाही हे पहिल्या पानावर ठाऊक असतं म्हणालात. हिनबद्दल कुणाला ठाऊक होतं?

पण व्हेडरपाशी मी अडखळले. तो आला की सगळे थरथरतात आणि मला का ते समजत नाही. लेखकानं त्याची भीती तयारच केलेली नाही. ती चित्रपटाकडून येईल असं गृहीत धरलं आहे. माझ्यापुरता तो काळ्या कपड्यातला उंच माणूस, आणखी काही नाही.

शंकासुर

नवखी, हिनचा मुद्दा बिनशर्त मान्य. आणि व्हेडरबद्दल तुम्ही दोन ओळींत जे लिहिलंत ते मला तीन प्रतिसादांत जमलं नाही.

पानगळ

हे मलाही लागलं. माझ्या डोक्यात त्याचा तो श्वासाचा आवाज आधीपासून होता, म्हणून पुस्तकात तो नसल्याचं जाणवलंच नाही. हा दोष खरा आहे.

तिसरा_चंद्र

उशिरा येतोय. टाय-इनमधून मूळ घरात गेलेल्या वस्तूंचा कुणी उल्लेखच केला नाही याचं आश्चर्य वाटलं. 'स्टार वॉर्स'मधल्या राजधानीच्या ग्रहाचं कोरुसांट हे नाव टिमथी झान यांच्या १९९१ च्या 'एअर टू द एम्पायर'मधलं. १९९९ च्या चित्रपटात सगळे ते नाव असं घेतात जणू पहिल्यापासून होतंच. झान यांचाच ॲडमिरल थ्रॉन २०१४ च्या शिक्क्यात बाहेर गेला आणि २०१६ मध्ये 'रेबेल्स' मालिकेतून पुन्हा घरात आला. 'स्टार ट्रेक'मधल्या सुलूचं हिकारू हे पहिलं नाव व्हाँडा मॅकिंटायर यांच्या १९८१ च्या कादंबरीतलं. पडद्यावर ते उच्चारलं गेलं १९९१ मध्ये. दहा वर्षं हा माणूस फक्त वाचकांच्या घरात हिकारू होता!

शंकासुर

आणि मालकानं आवडलेली वस्तू उचलून नेली, तर भाडेकरूला काय मिळालं? पहिल्या 'स्टार वॉर्स'ची कादंबरी १९७६ च्या शेवटी निघाली. लिहिली फॉस्टर यांनी, मुखपृष्ठावर नाव जॉर्ज लुकास. २०२० मध्ये फॉस्टर आणि अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांची संघटना यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की कंपनी डिस्नेकडे गेल्यापासून या पुस्तकांची रॉयल्टी थांबली आहे. तुम्ही ज्याला खिडक्या पाडणं म्हणता, त्या माणसाला खिडकीचे पैसे मागत फिरावं लागलं.

तिसरा_चंद्र

हा राग रास्त आहे, पण तो कराराबद्दलचा आहे. पुस्तक वाईट आहे असं त्यातून निघत नाही. उलट लेखकानं स्वतःचं काहीतरी त्यात घातलं होतं, म्हणूनच ते मागायला तो उभा राहिला.

शंकासुर

हं. विचार करतो.

कासवगती

अवांतर: १०४ व्या पानापर्यंत पोचले, हाला खरंच भारी आहे. आणि कुणाच्या लक्षात आलं का? २०१८ च्या 'सोलो'त हॅन साम्राज्याच्या पायदळात असतो, चिखलात लोळत लढतो, तो ग्रह मिम्बनच! ज्या ग्रहावरच्या गोष्टीत त्याला करारापायी जागा मिळाली नाही, तिथेच ४० वर्षांनी त्याला पाठवलं.

शंकासुर

आणि तेव्हाही धुकं होतंच. मुहूर्त चुकला तरी माणूस वरातीला पोचला म्हणायचं. पुस्तक मागवलं आहे, पानगळ. थप्पडीच्या पानावर भांडायला येईन.