शब्दचर्चा: 'लिबर्टेरियन' पक्षाला मराठीत काय म्हणावं?

पानपूरक

अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पार्टीचा मराठीत छोटा परिचय तयार करायचा आहे. मसुद्यातलं पहिलंच वाक्य अडलंय:

"डिसेंबर १९७१ मध्ये कोलोरॅडोत स्थापन झालेला हा उदारमतवादी पक्ष राज्याचा हस्तक्षेप कमी करण्याच्या बाजूचा असून बळाच्या वापराला त्याचा विरोध आहे."

व्याकरणाची चूक नाही, तरी अर्थ दोन-तीन ठिकाणी निसटतोय. 'लिबर्टेरियन'साठी उदारमतवादी, स्वातंत्र्यवादी, स्वतंत्रतावादी आणि मुक्ततावादी असे चार शब्द हाताशी आहेत. कोणता घ्यावा, आणि का?

मात्रावेलांटी

'उदारमतवादी' सगळ्यात आधी काढा. मराठीत हा शब्द रानडे-गोखले परंपरेला चिकटलेला आहे. नेमस्त, मवाळ, प्रागतिक हे त्याचेच शेजारी. ही मंडळी सरकारने शिक्षणावर जास्त खर्च करावा असं मागत होती. अमेरिकेतली अडचण याहून मोठी. तिथे 'लिबरल' म्हणजे सरकारी आरोग्यविमा आणि कल्याणयोजना हव्या असणारा. मग तुमच्या परिचयात पुढे कधीतरी असं वाक्य येणार: "सरकारी खर्च वाढवण्याच्या उदारमतवाद्यांच्या प्रस्तावाला उदारमतवाद्यांनी विरोध केला." वाचक तिथेच थांबेल.

शिवाय 'उदार' म्हटलं की मराठी कानाला सढळ हात ऐकू येतो. कर कमी घ्या आणि अनुदानही देऊ नका म्हणणाऱ्या पक्षाला हे विशेषण मुळीच शोभत नाही.

'मुक्ततावादी'ही नको. त्यात बंधमुक्तीचा, मोक्षाचा सूर लागतो.

राहिले दोन. 'वाद' नामाला लागतो: समाज, समाजवाद, राष्ट्र, राष्ट्रवाद. 'स्वतंत्र' हे विशेषण, म्हणून 'स्वतंत्रवाद' होत नाही. भाववाचक नाम मराठीत 'स्वातंत्र्य' रुळलेलं आहे, 'स्वतंत्रता' हिंदीच्या वळणाचं. तेव्हा शब्द 'स्वातंत्र्यवादी'.

कडेकपारी

मात्रावेलांटी यांच्याशी सहमत, पण एक खड्डा दाखवतो. इंग्रजीत देशाच्या स्वातंत्र्याला एक शब्द आहे आणि माणसाच्या मोकळीकीला दुसरा. मराठीत दोन्हींना 'स्वातंत्र्य'च. स्कॉटलंड वेगळा व्हावा म्हणणाऱ्यांनाही आपण स्वातंत्र्यवादीच म्हणतो. म्हणून पहिल्या उल्लेखात 'व्यक्तिस्वातंत्र्यवादी' असं पूर्ण लिहावं आणि पुढे 'स्वातंत्र्यवादी' ठेवावं. फक्त 'व्यक्तिवादी' असं आखडू नये. तो समाजापेक्षा व्यक्तीला मूलभूत मानणाऱ्या विचाराचा शब्द आहे, पक्षाच्या धोरणाचा नाही.

मूळ शब्दाचा प्रवासही ध्यानात ठेवा, कारण भाषांतर त्यावर अवलंबून आहे. १७८९ च्या सुमारास इंग्रजीत तो आला तो तत्त्वज्ञानात, माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे की सगळं आधीच ठरलेलं आहे या वादात. तिथे 'इच्छास्वातंत्र्यवादी' हेच बरोबर. १८५७ मध्ये जोझेफ देजाक या फ्रेंच लेखकाने त्याचं फ्रेंच रूप अराज्यवादी, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या डाव्यांसाठी वापरलं. फ्रेंच किंवा स्पॅनिश इतिहासाचा मजकूर असेल, विशेषतः स्पेनच्या यादवी युद्धाचा, तर तिथे 'अराज्यवादी' घ्यायचं. किमान सरकार आणि खुला बाजार हा अर्थ विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत पक्का झाला. अर्जेंटिनात २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले हाविएर मिलेई स्पॅनिशमधला तोच शब्द या नव्या अर्थाने वापरतात. म्हणजे भाषा पाहून शब्द ठरत नाही, काळ आणि माणूस पाहावा लागतो.

आणि 'अराजकतावादी' कुठेच नको. अराजक म्हणजे मराठीत बेबंदशाही. या पक्षाच्या मुख्य धारेला न्यायालय, पोलीस आणि संरक्षण हवं असतं, त्यापलीकडचं सरकार नको असतं.

पानपूरक

'राज्याचा हस्तक्षेप' यात काय चुकतंय? शब्दशः तर बरोबर आहे.

मात्रावेलांटी

'राज्य' वाचल्यावर मराठी वाचकाला महाराष्ट्र दिसतो. केंद्र आणि राज्य ही जोडी डोक्यात पक्की आहे. त्यात तुमच्या वाक्यात आधीच कोलोरॅडो आलं आहे. वाचक समजेल की पक्षाला वॉशिंग्टनचं राज्य चालेल, कोलोरॅडोचं नको. सैद्धांतिक लेखात 'राज्यसंस्था' लिहा, परिचयात साधं 'सरकार' पुरे.

'लहान सरकार'ही टाळा, त्यातून मंत्रिमंडळ छोटं असा अर्थ निघतो. इथे आकारापेक्षा अधिकारांचा प्रश्न आहे, म्हणून 'मर्यादित सरकार'. पक्षाचं एक घोषवाक्य आहे त्याचं मराठी सरळ होतं: 'किमान सरकार, कमाल स्वातंत्र्य'. उत्तरार्ध नीट जपा. २०१४ च्या आपल्याकडच्या निवडणुकीत गाजलेल्या घोषणेचा पूर्वार्ध हाच होता, पण पुढे 'कमाल सुशासन' होतं. एकात सरकार बाजूला व्हायचं आहे, दुसऱ्यात सरकारनेच कारभार चांगला करायचा आहे.

कडेकपारी

'बळाच्या वापराला विरोध' ही या वाक्यातली सगळ्यात गंभीर चूक आहे. पक्षाचं सदस्यत्व घेताना एक प्रतिज्ञा करावी लागते. तिच्यात विरोध आहे तो बळाचा वापर *सुरू करण्याला*. तो शब्द गळला की पक्ष अहिंसावादी होतो, आणि तो तसा नाही. स्वसंरक्षणासाठी बळ वापरणं या विचारात बसतं, बंदूक बाळगण्याचा हक्क तर हा पक्ष ठामपणे मांडतो. 'बळाच्या वापराचा प्रारंभ' हे कृत्रिम वाटतं. मराठीत यासाठी 'आपण होऊन' हा नेमका वाक्प्रयोग आहे:

"राजकीय किंवा सामाजिक उद्दिष्टं साधण्यासाठी आपण होऊन बळाचा वापर करण्यास माझा विरोध आहे."

आणखी एक. या पक्षाला नुसतं 'उजवा' लिहू नका. संस्थापकांपैकी डेव्हिड नोलन यांनी त्यासाठीच दोन अक्षांची आकृती मांडली: एका अक्षावर आर्थिक स्वातंत्र्य, दुसऱ्यावर वैयक्तिक. ज्याला दोन्ही जास्तीत जास्त हवं तो स्वातंत्र्यवादी. १९७१ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मजुरी आणि किमती गोठवल्या, ते या मंडळींना एकत्र आणणारं एक मोठं कारण होतं. सक्तीच्या लष्करभरतीलाही त्यांचा तितकाच विरोध होता.

बांधावरून

या विचाराचा पक्ष आपल्याकडेही होऊन गेला आणि त्याच्या नावानेही भाषेत घोटाळा केला आहे, म्हणून हे इथे सांगणं आवश्यक वाटतं. राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांचा स्वतंत्र पक्ष १९५९ चा. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला, त्याला विरोध हे एक मोठं कारण. 'लायसन्स-परमिट राज' हा शब्दप्रयोग राजाजींमुळेच देशभर झाला. लोकसभेत १९६२ मध्ये १८ जागा, १९६७ मध्ये ४४, १९७१ मध्ये ८.

आता हे वाक्य पाहा: "या मतदारसंघात स्वतंत्र उमेदवार निवडून आला." पक्षाचा, की अपक्ष? मराठीत 'स्वतंत्र'चा तिसरा अर्थ 'वेगळा': स्वतंत्र खोली, स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र विदर्भ. "त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला" यावरून तर काहीच कळत नाही. जुन्या निवडणुकांवर लिहिताना दोन गोष्टी पाळा. पक्षासाठी 'स्वतंत्र पक्षाचा उमेदवार' असं पूर्ण लिहा, 'पक्ष' गाळू नका. आणि अपक्षाला अपक्षच म्हणा.

शरद जोशींनी १९९४ मध्ये पक्ष काढला तेव्हा 'स्वतंत्र भारत पक्ष' असं नाव घेतलं. 'सूट-सबसिडीचं नाही काम, आम्हाला हवेत घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा म्हणजे हाच विचार अस्सल मराठीत. तिच्यात एकही 'वाद' नाही आणि तरी लेव्ही (सरकारला ठरलेल्या भावाने सक्तीने धान्य देणं), झोनबंदी (एका विभागातला माल दुसऱ्यात नेण्यास बंदी) आणि निर्यातबंदी सोसलेल्या शेतकऱ्याला ती लगेच कळली. परिभाषा घडवताना हा नमुना समोर असावा असं मला मनापासून वाटतं.

कायद्यातला एक शब्दही इथे अडतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९क नुसार पक्षाची नोंदणी करताना पक्षाच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांच्यावर निष्ठा लिहून द्यावी लागते. स्वातंत्र्यवादी पक्षालाही 'समाजवाद' लिहूनच नोंदणी मिळते. तो शब्द वगळावा म्हणून जोशींनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं होतं.

पानपूरक

सुधारलेलं वाक्य: "डिसेंबर १९७१ मध्ये कोलोरॅडोत स्थापन झालेली लिबर्टेरियन पार्टी हा मर्यादित सरकार मागणारा व्यक्तिस्वातंत्र्यवादी पक्ष असून, आपण होऊन बळाचा वापर करण्यास त्याचा विरोध आहे. अमेरिकेतल्या तिसऱ्या आघाडीतला हा प्रमुख पक्ष आहे."

मात्रावेलांटी

पहिलं वाक्य पक्कं. विशेषनाम तसंच ठेवलंत ते बरं केलंत, नावाचं भाषांतर करायचं नसतं. दुसऱ्यातली 'तिसरी आघाडी' काढा. आघाडी म्हणजे अनेक पक्षांची युती. तिथे दोन मोठ्या पक्षांखेरीज प्रत्येक पक्षाला 'तिसरा' म्हणतात. "दोन मोठ्या पक्षांबाहेरचा एक प्रमुख पक्ष" असं उलगडून लिहा.

कडेकपारी

पुढे २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा उल्लेख येईल. तेव्हा पक्षाचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि त्यांचं नाव पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकेवर होतं. त्याला 'सर्व राज्यांत मान्यता मिळाली' असं लिहू नका. मान्यता आपल्याकडे निवडणूक आयोग देतो; तिथे प्रत्येक राज्याचा नियम निराळा, बऱ्याच ठिकाणी सह्या गोळा कराव्या लागतात. "मतपत्रिकेवर नाव आलं" एवढंच लिहा.