मदत हवी आहे: लॉनवर चाकांचे चर पडलेत, लवकर बुजवायचे आहेत

घाटमाथा:
लॉनवर गाडी गेल्यामुळे दोन लांब चर पडले आहेत. चांगले वीतभर खोल, गवत चिखलात गाडलं गेलंय. वरून माती ओतून सपाट करावं का? गणपतीच्या दिवसांत बाबांचं सहस्रचंद्रदर्शन याच लॉनवर करायचंय. माळी म्हणतो "होईल आपोआप". इथले जुने धागे चाळले, सगळे कुंडीतल्या गुलाबांचे. प्लीज लवकर सांगा.

प्राजु७:
गवत कोणतं? माती कोणती? ऊन किती? गाव कुठलं? आणि गाडी म्हणजे अ‍ॅक्टिव्हा की ट्रक?

घाटमाथा:
गवत साधंच आहे हो, बिल्डरने लावून दिलेलं. तळेगाव. ऊन भरपूर. गाडी कोणती याने काय फरक पडतो?

सातबारा:
फरक पडतो म्हणूनच विचारतायत. स्कूटरने फक्त वरची माती दबते, ट्रकने खालचा थरही आवळला जातो. गवत ओळखायला सोपं आहे. पान केसासारखं बारीक आणि जागोजागी उंचवटे येत असतील तर मेक्सिकन. आडव्या काड्या जमिनीवर धावत असतील तर सिलेक्शन वन, म्हणजे हरळीच्या घराण्यातलं. हरळीवालं असेल तर पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात चर झाकेल. मेक्सिकन फार सावकाश पसरतं.

जर्सीकर:
आमच्याकडे न्यू जर्सीत बर्फ काढणारी गाडी दरवर्षी लॉनची कड उचकटते. मी सप्टेंबरमध्ये एअरेटर (जमिनीला भोकं पाडणारं यंत्र) भाड्याने आणतो, टॉपसॉइल पसरतो आणि टॉल फेस्क्यूचं बी टाकतो. थँक्सगिव्हिंगपर्यंत नवंकोरं लॉन. बी अ‍ॅमेझॉनवर मिळेल.

प्राजु७:
जर्सीकर, ते थंडीतलं गवत आहे. आपल्या मे महिन्यात त्याचं काय होईल? आणि तळेगावात थँक्सगिव्हिंग कधी असतं?

जर्सीकर:
मी फक्त तत्त्व सांगितलं.

बाळूकाका_आउटफिल्ड:
रोलर फिरवा. आमच्या क्लबाच्या मैदानावर सामन्यानंतर टेम्पो घुसला होता, ओल होती तेव्हाच रोलर दिला, सकाळी सपाट. सोपं काम उगाच अवघड करू नका.

सातबारा:
काका, नका हो. पिच टणक व्हावं म्हणून रोलर देतात. इथे माती आधीच दगड झाली आहे, ती आणखी आवळायची? मुळांना हवा कुठून मिळणार? वर सपाट दिसेल आणि खाली गवत मरेल.

बाळूकाका_आउटफिल्ड:
पंचवीस वर्षं मैदान सांभाळलंय मी. आउटफिल्डलाही रोलर देतातच.

सातबारा:
हलका, आणि वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी. चिखलात नाही.

घाटमाथा:
भांडू नका. पान बारीक आहे, मध्ये मध्ये उंचवटे आहेत, म्हणजे मेक्सिकन. गाडी म्हणजे हायड्रा क्रेन. वादळात गुलमोहर आडवा झाला, तो उचलायला आला होता. फाटकातून आत आला, लॉनवरच वळला आणि बाहेर गेला.

प्राजु७:
हायड्रा!! हे आत्ता सांगताय? रिकामा असला तरी दहा टनांच्या आसपास भरतो तो. शिवाय मधल्या सांध्यात वळतो, त्यामुळे वळताना चाकं गवत फरफटत नेतात. पुढच्या वेळी आधी सेंट्रिंगच्या प्लेटा नाहीतर जाड प्लायवूड अंथरून घ्या.

कायद्याचं_बोला:
गुलमोहर तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती का? महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाजगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे.

घाटमाथा:
झाड मी तोडलं नाही, पडलं. प्रश्न लॉनचा आहे.

रानवाटा:
गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ, वादळात पडणारच. त्या जागी बहावा लावा. आणि खरं सांगू, लॉनच काढून टाका. उन्हाळ्यात निम्मा जिल्हा टँकरवर असताना गवताला पाणी घालायचं?

प्राजु७:
रानवाटा, मुद्दा पटतो. पण त्यांच्या घरी पाहुणे येणार आहेत, धोरण ठरवायची बैठक नाही.

गोमाता_सेंद्रिय:
जीवामृत द्या. दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गांडुळं येतील आणि जमीन तीच भुसभुशीत करतील. बाकी काही करायची गरज नाही.

सातबारा:
गांडुळं येतीलही, पण गणपतीपर्यंत वीतभर चर भरून देणार नाहीत.

घाटमाथा, हे असं करा. पहिलं म्हणजे ओल्यात हात लावू नका, त्यावरून चालूसुद्धा नका. चराच्या तळाची मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा आला. नुसता चेपला जात असेल तर थांबा. वाफसा आला की चाराकाटा नाहीतर पहार चराच्या कडेने तिरकी खोल घालायची आणि तळ वर उचलायचा. पलटी मारायची नाही, फक्त सैल करायचा. गवत शाबूत असेल तिथे कुदळीने त्याचा थर कापून दोन्ही बाजूंना उघडा, खालची माती मोकळी करा, भर घाला, थर परत बसवून पायाने दाबा. भर त्याच बागेतल्या मातीची घ्या. नुसती वाळू भरलीत तर चराची पन्हळ होईल, सगळं पाणी तिथेच धावेल.

उथळ जागी चाळलेली माती, वाळू आणि कुजलेलं खत एकत्र करून बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा थर द्या. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. दोनेक आठवड्यांनी पुन्हा एक थर. शेणखत कच्चं घेऊ नका, हुमणी येते. बाहेरच्या लाल मातीतून लव्हाळा येतो आणि मग तो आयुष्यभर उपटत बसावं लागतं.

घाटमाथा:
हे कामाचं. पण वाफसा कसा येणार? सोमवारपासून पाऊस नाही, बाकी अंगण सुकलं, तरी डाव्या चरात पाणी आहेच. पंप चालू केला की जरा वाढतं.

निवृत्त_प्लंबर:
थांबा थांबा. पंप चालू केला की वाढतं? लॉनखाली स्प्रिंकलरची लाइन आहे का?

घाटमाथा:
हो, पॉपअप आहेत. पावसाळ्यात वापरत नाही, म्हणून सांगितलं नाही.

निवृत्त_प्लंबर:
मग हायड्राने पाइप फोडलाय. स्प्रिंकलरचा व्हॉल्व्हही नीट बंद होत नसणार, नाहीतर पाणी आलं नसतं. आधी तो व्हॉल्व्ह बदला. मग चराच्या वळणावर खणून बघा, बहुतेक एल्बो, म्हणजे पाइपचा कोपऱ्यावरचा जोड, गेलेला असतो. जोडल्यावर पाणी सोडून तपासा आणि मगच माती भरा. चेंबरचं झाकण आणि सेप्टिक टँकची स्लॅबही बघून घ्या, त्यावरून चाक गेलं असेल तर पाहुणे उभे करू नका.

बाळूकाका_आउटफिल्ड:
म्हणजे रोलरचा दोष नव्हता.

सातबारा:
काका, रोलर अजून फिरलाच नाहीये.

नर्मदे_हर:
सहस्रचंद्रदर्शन ८० पूर्ण झाल्यावर की ८१ पूर्ण झाल्यावर? आमच्याकडे वाद चाललाय.

प्राजु७:
एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस. हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि वर साधारण दहा महिने लागतात. वेगळा धागा काढा.

घाटमाथा:
खणलं. एल्बोच फुटला होता, व्हॉल्व्हमध्ये खडा अडकलेला. जोडून झालं, आज चर कोरडा आहे. पण मेक्सिकन सावकाश पसरतं म्हणालात, मग कार्यक्रमापर्यंत काय?

सातबारा:
माती सैल करून भरली की वर गवताचं तयार कार्पेट बसवा. उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत चौकोनी तुकडे मिळतात. उरलेल्या लॉनचा एक तुकडा काढून सोबत न्या आणि पानाची जाडी जुळवूनच घ्या, नाहीतर पट्टा वेगळा दिसेल. तुकडे सांधा जुळवून लावा, फटीत माती भरा, पाऊस नसेल तर रोज पाणी. कार्यक्रमाच्या दिवशी त्या पट्ट्यावर खुर्च्या नकोत, पाय रुततील.

प्राजु७:
आणि मंडपवाल्याचा टेम्पो फाटकाबाहेर थांबवा!

नर्मदे_हर:
कार्पेट म्हणजे खोटं गवत ना? आमच्या डोंबिवलीच्या बाल्कनीला किती फूट लागेल?