मदत हवी आहे: चाळिशीनंतर बी.ए.ला बसणाऱ्यांची तयारी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मानेवाड्यात आम्ही काही नोकरदार आणि गृहिणींचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. बहुतेकांना नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचंय, काहींना इग्नूतून. विषय इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र.

बोलायला लागले की ऐकत राहावं अशी ही माणसं, पण कागदावर काही उतरत नाही. परवा प्रश्न दिला: '१९२०च्या काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाचं महत्त्व स्पष्ट करा.' अंगणवाडीतल्या एका ताईंनी पुस्तकातला अख्खा परिच्छेद उतरवला. असहकाराचा ठराव, पक्षाची नवी घटना, भाषावार प्रांतिक समित्या, सगळं आलं. त्यानं नेमकं काय बदललं, ते मात्र नाही. पुस्तकात पानभर अधोरेखन. विचारलं तर म्हणाल्या, "सारंच महत्त्वाचं हाये ना जी!"

मुद्दा वेगळा काढणं, स्वतःच्या शब्दांत मांडणं आणि दोन लेखकांची मतं ताडून पाहणं, हे मोठ्या माणसांना शाळकरी न वाटता कसं शिकवावं? दोन-तीन पानांचे सोपे मराठी वैचारिक लेख कुठे मिळतील? कृपया गाईडं सुचवू नका, सीताबर्डीत ढिगानं मिळतात आणि रोग तिथूनच सुरू होतो. प्रौढांना शिकवलेलं कुणी नागपुरात असेल तर एखाद्या रविवारी वर्गावर याल का?