मावशीचा फोन काढून घेतला. घरच्यांचं बरोबर की चूक?

दुधनाकाठ

मोठ्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी दाखवायला परभणीला नेलं होतं. परत येताना जिंतूरची गाडी लागायला वेळ होता म्हणून स्टँडवर बाकड्यावर बसलो. ड्रॉप टाकायची वेळ झाली तसा मी तिचा काळा चष्मा काढला आणि मान मागं करायला लावली. तिच्या डाव्या भुवईवर एक जुना व्रण आहे, खडी फोडताना कपची उडून लागलेला. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ त्या व्रणाकडं बघत राहिले नि हळूच म्हणाले, "बहात्तरची कपची का ही?"

मावशीचे डोळे मिटलेले. ड्रॉप टाकल्यावर पाच मिनिटं उघडायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिनं तसंच, डोळे न उघडता विचारलं, "औरंगाबादहून कधी आलात तुमी?"

नुसत्या आवाजावरून. पन्नास वर्षांवर काळ गेला होता मधी.

बहात्तरच्या दुष्काळात जिंतूरकडच्या एका रस्त्याच्या कामावर दोघं होते. मावशी सोळा-सतरा वर्षांची, ते बावीसचे. ते औरंगाबादला कॉलेजात होते, घरी दाणा नाही म्हणून शिक्षण सोडून कामावर आलेले. लिहिता येतं म्हणून मुकादम त्यांच्याकडून हजेरी लिहून घ्यायचा. सगळ्या बाया अंगठा लावायच्या. मावशीला त्यांनी सही शिकवली, मातीत काडीनं गिरवून घेऊन. पुढं काय ते तुम्ही समजून घ्या. तिच्या बापानं त्याच उन्हाळ्यात घाईघाईनं तिचं लग्न लावून दिलं. दुष्काळात घरातलं एक तोंड कमी.

काका जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशी स्टँडवर दोघं दीड तास बोलत बसले, त्यांनी वसमतच्या दोन गाड्या सोडल्या. मग दर रविवारी दुपारी फोन व्हायला लागला, दहा-पंधरा मिनिटांचा. मी एक-दोनदा जवळ होतो. कामावरच्या बायांपैकी कोण जिवंत आहे, कोण गेली, यंदा सोयाबीनचं काय झालं, शुगर किती आली, एवढंच बोलणं. हे मावसभावाच्या कानावर गेलं आणि त्यानं तिचा मोबाईल काढून कपाटात ठेवला. नातीचं लग्न जुळवायचंय, पाहुण्यांत चर्चा नको म्हणतो.

मला हे साफ चूक वाटतं. सत्तरीच्या बाईला फोनवर कुणाशी बोलायचं याची परवानगी पोराकडून घ्यावी लागते, यासारखी दुसरी बेअब्रू नाही.

काळी माती

भाऊ, तुमचा मावसभाऊ मला वाईट माणूस वाटत नाही. खेड्यात राहणाऱ्याला विचारा. पुण्यात-मुंबईत शेजारी कोण राहतं ते कुणाला ठाऊक नसतं. आमच्याकडं सोयरीक जुळवायला आलेला माणूस आधी पारावर बसून चौकशी करतो, मग घरी येतो. पोरीच्या आजीचं नाव त्या पारावर निघालं की स्थळ परत जातं, आणि का गेलं ते कुणी तोंडावर सांगत नाही. झळ बसते ती पोरीला. मावशींनी आयुष्यभर घराण्याची लाज राखली, मग आणखी सहा महिने कळ काढायला काय हरकत आहे? नातीच्या डोक्यावर अक्षता पडू द्या, मग खुशाल बोला.

दुधनाकाठ

सहा महिने म्हणता तुम्ही. ती सत्तरची, ते शहात्तरचे. कामावरच्या त्यांच्या टोळीत सव्वीस बाया होत्या, त्यातल्या चारच उरल्यात हे त्या दोघांनी फोनवर मोजून काढलं. सहा महिन्यांचा भरवसा कोण देणार?

लातूरवाली

मी उलट बाजूनं बोलते, कारण हे माझ्या घरात घडलंय.

माझ्या वडिलांना त्यांच्या कॉलेजातली बाई अंबाजोगाईला एका लग्नात भेटली. वडील अडुसष्टचे. त्यानंतर फोन. तुमच्या मावशीसारखाच साधा फोन, तब्येतीचा, पावसापाण्याचा. काही वावगं नव्हतं, मी स्वतः ऐकलंय. पण माझी आई त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. फोन वाजला की ती मिक्सर बंद करायची. पाचेक मिनिटं घरात काही आवाज नसायचा, आणि वडील हसत असायचे. आईला त्यांचं असं हसू चाळीस वर्षांत वाट्याला आलं नव्हतं. तिनं कधी तक्रार केली नाही. फक्त त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवणं सोडलं, नंतर जेवते म्हणायची. जाईपर्यंत नंतरच जेवली.

म्हणून एकच विचारते. त्या गृहस्थांची बायको आहे का? असेल तर तिला हे फोन माहीत आहेत का? तुम्ही सगळं मावशीच्या बाजूनं लिहिलंय. दुसऱ्या घरातही एक बाई आहे.

दुधनाकाठ

आहे. त्या हयात आहेत, गुडघ्यांमुळं घराबाहेर पडत नाहीत. त्यांना माहीत आहे का, हे मी विचारलं नाही. तुमचं वाचून गप्प झालो, खरं सांगतो.

सेलूची लेक

ताई, तुमच्या आईबद्दल वाचून पोटात तुटलं. पण त्यात त्या फोनचा दोष किती नि चाळीस वर्षांचा किती? नवऱ्यानं आधीची चाळीस वर्षं हसून बोलायला हवं होतं. फोन आला नसता तर आईला नुसतं कळलं नसतं, एवढंच.

लातूरवाली

न कळण्यातही माणूस सुखानं जगतं. माझी आई जगत होती. मी दोष कुणाला देत नाही. ज्याला बोलायचंय त्यानं आधी आपल्या घरात तोंड उघडावं, एवढंच म्हणते. चोरून केलेली साधी गोष्टही चोरीच दिसते.

तालुका कोर्ट

भावनेचं तुम्ही बघा, मी वकिलीतलं सांगतो. अशा भांडणात लोक इज्जतीचं नाव घेतात आणि खाली बहुतेक वेळा सातबारा निघतो. म्हातारी दुसरं लग्न करील, जमीन बाहेर जाईल ही धास्ती. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवऱ्याच्या पश्चात बायकोला वारसा हक्कानं जो हिस्सा मिळतो त्याची ती पूर्ण मालक असते, पुढं लग्न केलं तरी तो हिस्सा जात नाही. आणि ती जिवंत असताना पोराचा त्यावर हक्कही नसतो. दुसरं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली पोरं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. फोनचं त्यात काही लिहिलेलं नाही. पण आईचा मोबाईल कपाटात कुलूपबंद करणारा पोरगा उद्या तिचं पासबुकही तिथंच ठेवतो, हे मी पक्षकारांच्या घरी पाहिलंय.

दुधनाकाठ

जमिनीचा प्रश्नच नाही साहेब. काका गेले त्याच वर्षी तिनं हक्कसोड करून सगळं पोराच्या नावावर करून दिलं. रजिस्ट्री ऑफिसात मी साक्षीदार होतो. कारकुनानं अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढं सरकवलं, तिनं ते बाजूला करून पेन मागितला. सही तीच, मातीत गिरवलेली.

बाभूळबन

मी बराच वेळ वाचतोय आणि एक गोष्ट कुणीच विचारत नाहीये. दुधनाकाठ, तुम्ही लिहिलंत "पुढं काय ते तुम्ही समजून घ्या". तिच्या बापानं घाई केली ती फक्त दुष्काळामुळं का? औरंगाबादला कॉलेजात शिकणारा, लिहितावाचता पोरगा कामावर होता. दुष्काळात तोंडच कमी करायचं होतं तर त्याच्याशी का नाही लावलं लग्न?

दुधनाकाठ

बरोबर पकडलंत. ते बौद्धवाड्यातले, आम्ही मराठा. ते औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात होते. मी हे लिहिलं नाही कारण इथं चर्चा तिकडं वळून मावशी बाजूला राहील असं वाटलं. लिहायला पाहिजे होतं.

बाभूळबन

चर्चा तिकडं वळायलाच पाहिजे, मावशी त्यानंच बाजूला पडली होती. बाबासाहेबांनी मिलिंद १९५० साली सुरू केलं. आमच्या वाड्यातलं पहिलं पोरगं तिथं गेलं तेव्हा त्याची पेटी न्यायला सगळा वाडा स्टेशनवर आला होता, असं आजी सांगायची. असा पोरगा शिक्षण सोडून खडी फोडायला येतो आणि वरच्या आळीतल्या पोरीवर जीव लावतो. उघड झालं असतं तर मावशीचं लग्न झालं असतं, त्याचं आणि त्याच्या घराचं काय झालं असतं? १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर आपल्याच खेड्यापाड्यांत घरं जळाली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. त्या काळात त्या माणसानं गप्प राहून औरंगाबाद गाठलं, तर त्याला भित्रा म्हणू नका.

आणि 'काळी माती' यांना विचारतो. पारावर नाव निघण्याची जी भीती तुम्ही सांगता, ती आजीच्या फोनची की फोनवर कोण आहे त्याची?

काळी माती

खोटं बोलत नाही. दोन्हीची. मावशीच्या जातीतले असते तरी चर्चा झाली असती, पण आठ दिवसांत विरली असती. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. तरी माझ्या घरात लग्नाची पोरगी असती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही. दुरून सल्ला देणाऱ्यांना ते सोपं आहे.

निवृत्त मास्तर

थोडं वयाचं बोलतो, मी स्वतः चौऱ्याहत्तरचा आहे. पंच्याहत्तरीनंतर एसटीला तिकीट लागत नाही, २०२२ पासून. बायांना २०२३ पासून अर्धं. त्यामुळं आमच्या वयाची माणसं पुन्हा हिंडायला लागली. कुणी परळीला वैजनाथाला जातं, कुणी गंगाखेडला जनाबाईला, कुणी नुसतं लेकीकडं. स्टँडवर अशा गाठी पडणारच. मला गेल्या वर्षी गंगाखेडच्या गाडीत माझा चौथीतला दोस्त भेटला. माझ्या आईला तिच्या तरुणपणी पाहिलेला तो एकटाच माणूस आता उरलाय. आम्ही दोघं आईच्या हातच्या मिलोच्या, म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीवर बोलत बसलो. ती लाल मिलो घशाखाली उतरायची नाही. माझ्या नातवंडांना मिलो म्हणजे काय ते सांगून कळत नाही. बहात्तरला आडाला पाणी होतं पण खायला दाणा नव्हता म्हटलं की त्यांना खोटं वाटतं, कारण त्यांनी २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलंय.

सांगायचं असं की म्हातारपणी माणसाला बघणारे पुष्कळ असतात. गोळ्या देतात, दवाखान्यात नेतात. पण तुम्ही सोळा वर्षांचे कसे दिसत होतात हे माहीत असलेलं माणूस एखादंच राहतं. त्याच्याशी बोलू न देणं हे औषध बंद केल्यासारखं आहे. यात प्रेम आहे की नाही, हे तपासायला घरच्यांनी बसू नये.

लातूरवाली

मास्तर, तुमचा दोस्त होता. दोस्ताच्या फोनला कुणाची बायको मिक्सर बंद करत नाही.

सेलूची लेक

एक राहून जातंय. आपण सगळे मावशींबद्दल ठरवतोय. मावशी काय म्हणतात? दुधनाकाठ, तुम्ही तरी विचारलंत का त्यांना?

दुधनाकाठ *(चार दिवसांनी)*

विचारलं नव्हतं. काल गेलो होतो. मावसभाऊ शेतात होता, ती ओसरीत तूर निवडत बसली होती. मी सरळच विचारलं, मावशे, तुला काय पाहिजे? लग्न-बिग्न असं काही मनात आहे का?

ती रागावली नाही. म्हणाली, "काऊन रे, येडा झालास का? मला त्यांना एकच इचारायचं होतं. इचारून झालं."

मग सांगितलं. कामावर खडीचा ढीग मोजून पैसे मिळायचे. ज्याचा ढीग लहान त्याचा पगार कमी. लग्नाआधीच्या महिन्यात तिला ताप भरला, सात दिवस ती उठली नाही. आठव्या दिवशी मोजणीला गेली तर तिच्या नावाचा ढीग पुरा भरलेला. घरी ज्वारी आली त्या पैशाची. कुणी फोडली ते कुणी सांगितलं नाही. ती आयुष्यभर धरून चालली की यांनीच फोडली, रात्री येऊन. नवऱ्याशी भांडण झालं की तिला तो ढीग आठवायचा, असं म्हणाली. पोराला फोन सापडला त्याच्या आदल्या रविवारी तिनं अखेर विचारलं.

ते म्हणाले, "म्या नाही. माझ्या मायनं फोडली. दिवसभर तिची, आन् सांजच्याला तुझी."

त्यांच्या आईशी मावशी कधी एक शब्द बोललेली नव्हती. कामावर आमच्या बायांचा पाण्याचा माठ वेगळा होता.

त्या माऊलीला जाऊन तीस वर्षं झाली. मावशीला आता वसमतला जायचंय, त्यांच्या घरी, त्यांच्या आईचा फोटो बघायला. मी म्हटलं, त्यांच्या मालकीणबाईंना विचारून जायचं. ती म्हणाली, "मग? न इचारता कसं जाईन बाईच्या घरी?" मी माझ्या फोनवरून त्यांना लावून दिला. त्यांनी घरात अजून सांगितलं नव्हतं. सांगतो म्हणाले. अजून त्यांचा फोन आलेला नाही.

लातूरवाली ताई, तुमचं म्हणणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, मिक्सरसकट.

मावसभावाला संध्याकाळी ढिगाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "मोजून पुरा होता का गं माय?" ती म्हणाली, "पुरा. वर चार पाट्या जास्तीच." मोबाईल अजून कपाटातच आहे. किल्ली मात्र त्यानं तिच्यासमोर खुंटीला लावली.