भाडं कमी म्हणजे घर स्वस्त, असं नाही

भाड्याने घर शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतात की विद्यापीठापासून जितकं लांब जाल तितकं भाडं कमी. हा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. आधी करार किती महिन्यांचा आहे ते विचारा. करार १२ महिन्यांचा आणि तुम्ही राहणार ९ महिने, तर महिन्याचं खरं भाडं सांगितलेल्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त पडतं. सुट्टीत पोटभाडेकरू ठेवता येईल का, हे करारातच लिहून घ्या. तोंडी होकाराला पुढे कुणी विचारत नाही. या खऱ्या भाड्यात वीज, पाणी, इंटरनेट आणि बसचा पास यांचा खर्च मिळवा, मगच दोन घरांची तुलना करा.

चौघांनी मिळून घर घेताना 'संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी' हे कलम आहे का बघा. असेल, तर एकजण मध्येच निघून गेल्यावर त्याचा वाटा मालक उरलेल्या तिघांकडून मागू शकतो. खोलीनिहाय वेगळा करार मिळत असेल तर थोडं जास्त भाडं देऊनही तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घर बघताना सिंकखालचं कपाट उघडून तळाच्या फळीवर हात फिरवा. ती फुगलेली, भुसभुशीत लागली तर गळती जुनी आहे. नळ आणि शॉवर एकाच वेळी सोडून धार बघा.

चावी मिळाली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो मालकाला ईमेल करा. डिपॉझिट परत घेताना हाच पुरावा लागतो. आणि घर न दाखवता आगाऊ रक्कम मागणाऱ्याला एक पैसाही पाठवू नका.